मामांची जीप आणि शाफ्टचे माप



या पानावर मी एरवी बेणेमळा, खोडवा, हुमणी, पाचट याच विषयांवर लिहितो. या वेळी विषय जरा बांधाबाहेरचा आहे. गेल्या हंगामात आमच्या गटातील दोन सभासदांच्या रोटाव्हेटरचे शाफ्ट तुटले. दोघांनीही दुकानदाराला दोष दिला. मी दोन्ही शाफ्ट पाहिले आणि मला माझ्या मामांची जीप आठवली. आमच्याही जीपचा शाफ्ट घाटात सुटला होता, आणि दोष लोखंडाचा नव्हता, मापाचा होता. ती हकिकत सांगितली तर ट्रॅक्टरवाल्यांना आणि ऊस वाहतुकीच्या ट्रकवाल्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. मी काही मोटार इंजिनियर नव्हे, माझी पदविका शेतीची. पण या कामात पाना धरून उभा होतो, तेवढा अधिकार घेतो.

माझे मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, मामा महाडला. मामांची जीप १९६४ सालची, सीजे थ्री-बी जातीची, उंच बॉनेटची. अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपा स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनी मुंबईला माझगावात जोडू लागली, त्याच घराण्यातली ही. आजोबांनी घेतली, मामांनी चालवली. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर रस्ता नावालाच होता, तेव्हा भाताची पोती, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सगळे याच गाडीतून खाली आले आहे.

२०२१ च्या जुलैत महाडात पूर आला. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या शहरात शिरल्या. त्याच २२ तारखेला तळियेवर दरड कोसळली. माणसे गेली तिथे एका जीपचे काय सांगायचे! पण पाणी ओसरल्यावर जीप अंगणात बॉनेटपर्यंत गाळात उभी होती. मी रजा टाकून गेलो. इंजिन उतरवले, धुतले, तेल बदलले, वायरिंग नवे केले. मागच्या हौसिंगचे तेलही बदलू का, असे फिटरने विचारले. मीच म्हणालो, "ते दिवाळीनंतर बघू, आधी गाडी चालू होऊ दे." ही चूक सर्वस्वी माझी.

मागच्या ॲक्सलच्या हौसिंगला वरच्या बाजूला हवा खेळण्यासाठी छोटे छिद्र असते. पुरात बुडालेल्या गाडीत तिथून आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत जाते, सोबत बारीक गाळ जातो. पाणी आणि तेल एक झाले की तेलाचे ताक होते, आणि त्या ताकात क्राउन-पिनियन फिरत राहतात. दिवाळीला मामांचा फोन आला, "अरे, गाडी मागून घोरतेय." हौसिंग उघडले तर बेअरिंगचे रोळ खवले पडलेले, पिनियनचे दात खाल्लेले.

नुसता क्राउन-पिनियनचा जोड बदलून भागले असते तर बरे होते. पण या जीपच्या हाफ-शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर चाकाचा हब चावीने बसवतात. साठ वर्षांच्या वापराने ते निमुळते टोक आणि चावीची खाच दोन्ही गेली होती. चावी कापली गेली की शाफ्ट फिरतो आणि चाक जागेवर. घाटातल्या गाडीला हे परवडणारे नाही. तेव्हा नंतरच्या काळातल्या जीपचा, हाफ-शाफ्ट आणि फ्लँज एकसंध असलेला ॲक्सल बसवायचे ठरले.

भंगारात ॲक्सल शोधायला गेलो तेव्हा पहिली शिकवण मिळाली. चार चाकांना जोर लागणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दातांचे प्रमाण एकच हवे. मामांच्या जीपला क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे पिनियन पावणेसहाच्या आत, ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. मागे ३९ ला ८ बसवला असता तर पुढची चाके एक म्हणतील, मागची दुसरे, आणि पुढचा जोर टाकला की मधला गिअरबॉक्स भरडला जाईल. मोजायची युक्ती सोपी आहे. हौसिंग न उघडता दोन्ही चाके एकदम एक फेरा फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. एक चाक घट्ट धरून दुसरेच फिरवायचे असेल तर ते दोन फेरे फिरवावे लागते, हे विसरून पहिल्या भंगारवाल्याकडे आम्ही अर्ध्यावरच खूश झालो होतो. तिसऱ्या ठिकाणी ४३-८ सापडला.

कुणी अँबेसडरचा ॲक्सल सुचवला होता, स्वस्तात मिळत होता. पण जीपमध्ये मधल्या गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट गाडीच्या मध्यावरून नव्हे, उजव्या अंगाने मागे जातो, म्हणून ॲक्सलचा गोळाही उजवीकडे असतो. मधोमध गोळा असलेला ॲक्सल घातला तर शाफ्ट खालीही उतरणार आणि आडवाही तिरका जाणार. तो विचार सोडला.

आता मुख्य गोष्ट, शाफ्ट.

इंजिन चौकटीला बांधलेले असते, ॲक्सल पाट्यांवर खालीवर होत असतो. या दोहोंना जोडणारा दांडा सरळ एकसंध असून चालत नाही. त्याला दोन्ही टोकांना सांधा लागतो आणि लांबी कमी-जास्त होण्यासाठी खाचांची सरकती नळी लागते. सांध्याची कल्पना जुनी आहे. इटलीच्या कार्डानोचे नाव तिला मिळाले, म्हणून काही ठिकाणी याला कार्डन शाफ्ट म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्यावर अभ्यास केला. मोटारीसाठी त्याचे पेटंट १९०३ साली अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसर याने मिळवले. त्याआधी बऱ्याच मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत. स्पायसरच्याच कंपनीचे नाव १९४६ साली डाना झाले. आपल्या जीपवाल्या मिस्त्रींच्या तोंडी 'स्पायसर' आणि 'डाना' हे दोन्ही शब्द असतात, ते एकाच घरचे.

या सांध्यात एक खोड आहे. शाफ्ट सरळ रेषेत असेल तर ठीक. कोनात असेल तर देणारे टोक एकसारखे फिरत असले तरी घेणारे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन ९ अंशांचा असेल तर हा फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, ३० अंशांचा असेल तर एका बाजूला तेरा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा टक्के. म्हणून दोन सांधे घालतात. पहिल्याने केलेला घोटाळा दुसरा निस्तरतो. पण अट आहे : दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि दांड्याच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत. एक आडवा आणि दुसरा उभा झाला की घोटाळा मिटण्याऐवजी दुप्पट होतो. जमिनीवर शाफ्ट ठेवला आणि दोन्ही चिमट्यांच्या भोकांतून सळई घातली तर दोन्ही सळया समांतर दिसल्या पाहिजेत. बैलगाडीच्या दोन्ही धुरा एकीकडे वळल्या तर जू सरळ राहते, तसेच हे.

आमचे पहिले काम एका गॅरेजात झाले, नाव सांगत नाही. कामाची घाई आम्हालाच होती, मे महिना होता आणि पावसाआधी गाडी हवी होती. नव्या ॲक्सलच्या पिनियनवर चार बोल्टांचा फ्लँज होता. जुन्या शाफ्टला यू-बोल्टने क्रॉस धरणारी रचना. मध्ये पोलादी चकती घालून दोन्ही जुळवले. नव्या पिनियनचे नाक पुढे जास्त येत होते, म्हणून शाफ्ट कापून आखूड केला. गाडी स्टार्ट केली, बाहेर काढली, चालली. आम्ही पेढे वाटले.

माझी आई माझ्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली होती. मामा तिला न्यायला जीप घेऊनच आले. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना खालून बारीक थरथर येत होती. मामा म्हणाले, "टायर असतील." वाडा-कुंभरोशी मागे पडले. पुढे एका वळणावर खड्ड्यात मागचे चाक दणकन गेले आणि पायाखाली कुणी घण घालावा तसा आवाज सुरू झाला. गाडी मोकळी सुटली. गिअरमध्ये होती, पण इंजिनाने धरणे बंद झाले.

मामांनी पायाचा ब्रेक दाबला. तो लागला, देवाची कृपा. गाडी कठड्यापासून दोन हातांवर उभी राहिली. मी म्हणालो, "मामा, हातब्रेक ओढा, मी दगड लावतो." त्यांनी ओढला आणि पाय हलकाच सैल केला, तर गाडी पुन्हा सरकली. त्यांनी पाय परत रोवला. मी उडी टाकून दगड लावला. आई मागे डोळ्याला काळा चष्मा लावून बसलेली. तिने एवढेच विचारले, "उतरू का रे मी?"

हातब्रेक का लागला नाही, हे जीपवाल्यांनी नीट लक्षात ठेवावे. या जातीच्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांत नसतो. तो मधल्या गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, शाफ्टच्या तोंडाशी ड्रमवर असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. शाफ्टच सुटला तर हातब्रेक हवेत. मामा मग शांतपणे म्हणाले, "पुढचा जोर टाकतो." पुढच्या ॲक्सलचा गिअर टाकल्यावर तोच ड्रम पुढच्या चाकांना धरू लागला आणि गाडी ठाम उभी राहिली. ही अक्कल मला नव्हती, त्यांना होती.

खाली वाकून पाहिले. चकतीचे चारही बोल्ट कापले गेले होते. शाफ्टचे मागचे टोक लोंबत होते. पुढचे टोक सुटून जमिनीत रुतले असते तर काय झाले असते, ते मी लिहीत नाही. शाफ्ट सोडवून आईच्या पायाशी ठेवला आणि पुढच्या चाकांच्या जोरावर, दुसऱ्या गिअरमध्ये, पोलादपूर गाठले.

महाडला एक निवृत्त टर्नर आहेत, सत्तरीचे. त्यांनी शाफ्ट हातात घेतला, खाचांची नळी आत-बाहेर केली, चकती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "माप कधी घेतलंत? गाडी जॅकवर असताना?" आम्ही हो म्हणालो. "मग झालं तर," म्हणाले.

जॅकवर चौकट उचलली की ॲक्सल खाली लोंबतो आणि गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंतचे अंतर वाढते. मामांच्या जीपवर हा फरक पाऊण इंच भरला. त्या वाढीव अंतरावर शाफ्ट कापला होता, म्हणजे गाडी चाकांवर उभी राहिल्यावर सरकती नळी जवळजवळ पूर्ण आत गेलेली. वरून तीन माणसे, एक पोते तांदूळ आणि खड्डा. सरकायला जागाच उरली नाही, तेव्हा शाफ्टने दोन्ही बाजूंना ढुशी दिली. चकतीवरही त्यांचा राग होता. मूळ फ्लँजला मध्ये गोल उंचवटा असतो, तो समोरच्या खोलगट भागात घट्ट बसतो आणि दोन्हींचा मध्य एक ठेवतो. आमची चकती सपाट होती, मध्य फक्त बोल्टांच्या भरवशावर. बोल्टाने आवळून धरायचे असते, त्याच्यावर कातर येऊ द्यायची नसते. शिवाय खाचांची नळी परत घालताना दोन दाते चुकली होती. नळीवरच्या बाणाच्या खुणा पुराच्या गंजात गेलेल्या, कुणी पाहिल्याच नाहीत. थरथर तिची होती, टायरची नव्हती.

दुसऱ्या खेपेस काम असे झाले. जीप सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी केली. मागे नेहमीचे वजन म्हणून वाळूची पोती टाकली. भाच्याच्या कंपास पेटीतला कोनमापक, त्याला दोरा आणि दोऱ्याला नट, एवढ्या साहित्यावर कोन मोजले. गिअरबॉक्सचे टोक मागे ४ अंश उतरते, शाफ्ट १३ अंश, आणि पिनियन मात्र ९ अंश. म्हणजे पुढच्या सांध्याला ९ अंशांचा कोन, मागच्याला ४ चा. दोघांचा हिशेब जुळणार कसा? हौसिंगवर पाटे बसवायच्या बैठका नव्याने वेल्ड करताना कोन पाहिलाच नव्हता. टर्नरांनी ५ अंशांच्या पोलादी पाचरी करून पाटे आणि बैठक यांच्यामध्ये घातल्या, पिनियन ४ अंशांवर आणला. गिअरबॉक्सचे टोक आणि पिनियन समांतर झाले, दोन्ही सांधे ९ अंशांवर. पिनियनचे नाक फार वर करण्यात आणखी एक धोका असतो, पुढच्या बेअरिंगला तेल पोचत नाही. पुराने जे केले तेच आपण हाताने करायचे.

मग लांबी. सरकत्या नळीला आत जायला आणि बाहेर यायला दोन्हीकडे जागा राहील असे माप गाडी उभी असतानाच घेतले. जुनी नळी टाकून दिली, तिला दोनदा वेल्ड झाला होता. नवी नळी विनाजोड पोलादाची आणली. पाण्याचा पाइप वापरू नये. त्याला आतून सांधा असतो आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. चिमटा नळीत दाबून बसवला, दोन्ही चिमटे एका रेषेत आहेत ते सळया घालून पाहिले, चार ठिकाणी समोरासमोर टाके मारले, लेथवर फिरवून डायल लावली, हलक्या हातोड्याने सरळ केला, पुन्हा डायल, आणि मगच पूर्ण वेल्ड. त्यात एक सकाळ गेली. मामा दोनदा चहा घेऊन आले आणि दोनदा गार चहा परत नेला.

चकतीऐवजी लेथवर कातलेला जोड-फ्लँज केला, दोन्ही बाजूंना मध्य धरणारी पायरी ठेवून. बोल्ट उंच प्रतीचे, नट स्वतः आवळून राहणारे. शेवटी शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवला. पन्नास ग्रॅम वजन मध्यापासून तीन सेंटीमीटरवर एका अंगाला जास्त असेल तर काय होते? जीप ताशी ६० किलोमीटरने धावते तेव्हा तिचा शाफ्ट मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेतो. त्या वेगाला ते पन्नास ग्रॅम साडेनऊ किलोच्या जोराने ओढतात, आणि दर फेऱ्याला दिशा बदलतात. आणि हो, शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली चौकटीला जाड पट्टीचे कडे लावून घेतले. पुढचा सांधा तुटलाच तर टोक रस्त्यात रुतण्याऐवजी कड्यात अडकेल.

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरेच घेतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रोटाव्हेटरच्या शाफ्टचे कोन जीपपेक्षा कितीतरी मोठे असतात. वळताना अवजार वर उचलले आणि पीटीओ चालूच ठेवला की कोन ३० अंशांच्या पुढे जातो. आमच्या गटातील दोन शाफ्टांपैकी एक असाच गेला. दुसऱ्याची हकिकत आमच्यासारखीच : अवजार बदलले, शाफ्ट लांब पडला, तो कापला, पण अवजार जमिनीवर टेकलेले असताना मोजला. उचलल्यावर आणि पूर्ण खाली सोडल्यावर, दोन्हीकडे मोजायला हवा होता. आतली नळी बाहेरच्या नळीत निदान एक-तृतीयांश राहिली पाहिजे आणि तळाला कधीच टेकता कामा नये. आणि प्लॅस्टिकचे आवरण कृपया काढून टाकू नका. सरी फोडताना शेजारी उभ्या असलेल्या बायांचे पदर मी पाहतो तेव्हा छातीत धस्स होते.

परवानगीबद्दल काही सभासद विचारतील. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम पाहावे आणि काम करण्याआधी आरटीओत विचारावे. महाडचे काम पेणला चालते. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचा वेगळा नियम आला आहे, पण त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढता येत नाही. मामांची जीप रोज चालते, तेव्हा तो रस्ता आमच्यासाठी नव्हता. तरी चौकटीला कुठे करवत लावलेली नाही, आणि जुने हौसिंग तेल पाजून गोठ्यात ठेवले आहे.

त्या वर्षीच्या पावसाआधी जीप पुन्हा आंबेनळीवर गेली, या खेपेस रिकामी, मी आणि मामा दोघेच. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून बोल्ट पुन्हा आवळले, एक पाव फेरा बसला. थरथर नव्हती. आई मात्र त्या वर्षी एस.टी.नेच आली. पुढच्या दिवाळीला जीपमध्ये बसली, पण आधी मामांना गाडीखाली बॅटरी मारून बोल्ट दाखवायला लावले.

ज्या सभासदांना आपल्या शाफ्टचा कोन आणि लांबी तपासून घ्यायची असेल त्यांनी अवजार ट्रॅक्टरला जोडूनच गट कार्यालयात आणावे. नुसता शाफ्ट पिशवीत घालून आणू नये. कंपास पेटी माझ्या टेबलात आहे.